‘सॉर्ट करा’ म्हणजे नेमके काय करा?

इंग्रजीवरून मराठीत आलेल्या प्रयोगपुस्तिका आणि स्वाध्याय चाळले, तर एक सूचना वारंवार भेटते : ‘पुढील वस्तूंचे वर्गीकरण करा.’ मूळ इंग्रजीत त्या जागी कधी ‘क्लासिफाय’ असते, कधी ‘ग्रुप’ असते; पण लहान इयत्तांच्या साहित्यात पुष्कळदा असते ते रोजच्या बोलण्यातले साधे क्रियापद, ‘सॉर्ट’. बिया सॉर्ट करा, पाने सॉर्ट करा, बटणे सॉर्ट करा. भाषांतर करणारा शब्दकोश उघडतो, ‘वर्गीकरण’ हा भारदस्त शब्द उचलतो आणि पुढे जातो. हीच मुले दोन वर्षांनी संगणकाच्या तासाला बसतात. तिथे तेच ‘सॉर्ट’ त्यांना भेटते आणि त्याचा अर्थ असतो ‘चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावा’. बिया वेगवेगळ्या वाट्यांत टाकणे आणि हजेरीपटावरची नावे अकारविल्हे लावणे ही दोन कामे एकच कशी, हे त्यांना कोणी सांगत नाही. ती विचारतही नाहीत.

माझी तक्रार भाषाशुद्धीची नाही. इंग्रजी शब्द मराठीत वावरले म्हणून फारसे काही बिघडत नाही. ‘टेबल’ आणि ‘पेन’ आपल्या घरचेच झाले आहेत. तक्रार अशी की हे एकच क्रियापद तीन-चार निरनिराळी कामे सांगते आणि त्यांपैकी कोणते काम करायचे, ते कशाच्या आधाराने करायचे, हे स्वतः मात्र सांगत नाही. इंग्रजी बोलणारा माणूस ही उणीव पुढे येणाऱ्या एखाद्या छोट्या शब्दाने भरून काढतो. ‘सॉर्ट इन्टू’ म्हटले की वेगवेगळे ढीग करायचे. ‘सॉर्ट बाय’ म्हटले की निकष सांगितला जाणार : रंगावरून, वजनावरून, तारखेवरून. ‘सॉर्ट आउट’ म्हटले की नको ते बाजूला काढायचे, किंवा गुंता सोडवायचा. आपण भाषांतरात क्रियापद घेतले आणि हे छोटे शब्द वाटेत सांडले. हाती राहिले ते ‘वर्गीकरण करा’. कशावरून? किती गटांत? गटांना क्रम असावा की नसावा? उत्तर नाही.

शब्दाचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. लॅटिनमधला ‘सॉर्स’ म्हणजे चिठ्ठी किंवा फासा, आणि त्यावरून वाट्याला आलेले नशीब. त्यातूनच जुन्या फ्रेंचच्या मार्गाने इंग्रजीत ‘प्रकार’ या अर्थाचे नाम आले आणि मग क्रियापद. जादूगाराला इंग्रजीत ‘सॉर्सरर’ म्हणतात तोही याच कुळातला. मुळात तो चिठ्ठ्यांवरून भविष्य सांगणारा. मराठी माणसाला ही अर्थाची वाट अनोळखी वाटू नये. आपल्याकडेही ‘वाटा’ म्हणजे हिस्सा आणि ‘वाट्याला येणे’ म्हणजे नशिबी येणे. ‘भाग’ आणि ‘भाग्य’ यांचे नातेही तेच. फरक असा की आपले शब्द अजून त्या जागेच्या आसपास आहेत, आणि इंग्रजी शब्द तिथून निघून जवळजवळ उलट टोकाला पोचला. जो शब्द मुळात दैवावर सोडण्याचा, तो आज विचारपूर्वक वेगळे करण्याचा झाला आहे.

आता स्वयंपाकघरात आणि बाजारात या. मराठीत या कामांना किती शब्द आहेत ते पाहा. तांदूळ आपण ‘निवडतो’. निवडण्यात लक्ष खड्यावर असते. ढीग दोनच, एक ठेवायचा आणि एक टाकायचा. पीठ ‘चाळतो’. इथे निर्णय आपला नसतो, चाळणीच्या भोकाचा असतो, आणि निकष एकच : आकार. धान्य ‘पाखडतो’ किंवा खळ्यावर वाऱ्यात ‘उफणतो’. तिथे निकष वजनाचा. हलके फोल वारा नेतो, जड दाणा पायाशी पडतो. आंब्यांची ‘प्रतवारी’ होते. हापूसच्या एकाच मापाच्या पेटीत चार डझन बसले तर फळ मोठे आणि सात डझन बसले तर लहान, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक असते. प्रतवारीत ढीग अनेक असतात आणि त्यांना वरखाली क्रम असतो. ‘वर्गवारी’त ढीग अनेक, पण त्यांना क्रम असलाच पाहिजे असे नाही. आणि ‘क्रम लावणे’ यात ढीगच नाहीत, एक सलग रांग आहे. निवडणे, चाळणे, पाखडणे, प्रतवारी, वर्गवारी, क्रम लावणे : या सगळ्यांसाठी इंग्रजी माणूस प्रसंगी ‘सॉर्ट’ म्हणून मोकळा होऊ शकतो. भाषांतर करताना आपण यांतला योग्य शब्द निवडायचा (पाहा, इथेही ‘निवडायचा’) की सगळ्यांवर ‘वर्गीकरण’ हे एकच झाकण ठेवायचे?

इंग्रजीला सूक्ष्म भेद कळत नाहीत असे मात्र नव्हे. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड गावच्या गिरण्यांत ‘वुलसॉर्टर’ हा कसबी कामगार असे. बोटांनी चाचपून तो लोकरीचा तलमपणा आणि लांबी ओळखी. बाहेरदेशांहून येणाऱ्या शेळ्यांच्या आणि अल्पाकांच्या केसांतून त्याला अँथ्रॅक्सची लागण होई. त्या रोगाला इंग्रजीत ‘वुलसॉर्टर्स डिसीज’ असेच नाव पडले, आणि एक क्रियापद वैद्यकाच्या पुस्तकात जाऊन बसले. भेद धंद्यात असतो. क्रियापद तो सांगत नाही, एवढेच.

एक ढीग करण्याची पद्धत अशी आहे की ती ‘सॉर्ट’च्या बरोबर विरुद्ध आहे, आणि तिच्याकडे विज्ञानशिक्षकाने मुद्दाम लक्ष द्यावे. मासळीबाजारात कोळीण ‘वाटे’ लावते ते आठवा. एका वाट्यात थोरली, मधली, बारीक, सगळी मासळी असते. वाटे एकमेकांसारखे दिसले पाहिजेत. आतून ते मिश्र असतात. वर्गवारीत उलटे : ढीग आतून एकसारखे आणि एकमेकांहून वेगळे. वर्गात आपण मुलांचे प्रयोगासाठी गट पाडतो तेव्हा वाटे लावत असतो, वर्गवारी नव्हे. हुशार मुले एका गटात आणि मागची दुसऱ्या गटात घातली, तर ती वर्गवारी झाली आणि गट पाडण्याचा हेतूच गेला.

हा भेद किती महागाचा ठरू शकतो याचे उदाहरण औषधांच्या चाचण्यांत मिळते. नवे औषध उपयोगी आहे की नाही हे ठरवायचे तर रोग्यांचे दोन गट हवेत आणि ते एकमेकांसारखे हवेत. डॉक्टरने स्वतः गट पाडले, तर बरा होण्याची आशा असलेला रोगी नकळत औषधाच्या गटात जातो. मग औषध गुणकारी दिसते ते औषधामुळे की निवडीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. शेतीच्या प्रयोगांसाठी रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात यावर उपाय सांगितला : कोणत्या वाफ्याला कोणते खत, ते चिठ्ठी टाकून ठरवा. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन लागू पडते का, हे पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या चाचणीचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. तिथे १०७ रोगी होते. ५५ जणांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती. कोण कुठे जाणार हे यादृच्छिक संख्यांवरून ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते, आणि रोगी दाखल करून घेण्याचा निर्णय झाल्यावरच पाकीट उघडले जाई. ‘सॉर्स’ या शब्दाचा जुना अर्थ असा चिठ्ठीच्या रूपाने विज्ञानात परत आला. फक्त आता त्या कामाला कोणी ‘सॉर्ट’ म्हणत नाही.

क्रमाचा अर्थ या क्रियापदाला कसा चिकटला? डॉनल्ड क्नूथ यांच्या संगणकशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथमालेचा तिसरा खंड (१९७३) याच विषयाला वाहिलेला आहे. कोशातला अर्थ प्रकारवार वेगळे करण्याचा असून संगणकवाले तो शब्द चढउतार क्रमाच्या अर्थी वापरतात, खरे तर त्याला ‘ऑर्डरिंग’ म्हणायला हवे, पण ‘ऑर्डर’ला आधीच इतके अर्थ आहेत की घोटाळा आणखी वाढेल, असे ते आरंभीच सांगून टाकतात. अर्थाचा हा बदल मला निव्वळ गैरसमज वाटत नाही. त्याच्यामागे एक यंत्र आहे असे मला वाटते.

अमेरिकेच्या १८९०च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे मोजण्याचे यंत्र दिले. त्याला जोडून कप्प्यांची एक पेटी होती. कार्ड वाचले गेले की विजेने योग्य कप्प्याचे झाकण उघडे आणि कारकून हाताने कार्ड त्यात टाके. हे शुद्ध वर्गवारीचे काम : पुरुष, स्त्रिया, अमुक वयाचे, तमुक धंद्याचे. पुढे कार्डे आपोआप कप्प्यांत जातील अशी यंत्रे आली. ही यंत्रे दोन संख्यांत मोठी कोणती हे ओळखू शकत नव्हती. त्यांना एवढेच येई : या रकान्यात ७ आहे ना, मग सातव्या कप्प्यात जा. तरीही या कप्पेबाज यंत्राकडून हजारो कार्डे अचूक चढत्या क्रमाने लावून घेता येत. कसे, ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची सहा कार्डे करा आणि त्यांवर ४२७, १०३, ३१८, १२१, ४०७, ३२८ असे लिहा. आता फक्त एककाच्या अंकाकडे पाहून कार्डे कप्प्यांत टाका. एकच्या कप्प्यात १२१, तीनच्या कप्प्यात १०३, सातच्या कप्प्यात ४२७ आणि ४०७, आठच्या कप्प्यात ३१८ आणि ३२८. कप्पे लहानापासून मोठ्याकडे ओळीने गोळा करा, कप्प्यातला आधी-नंतरचा क्रम न मोडता : १२१, १०३, ४२७, ४०७, ३१८, ३२८. याच ओळीतून आता दशकाचा अंक पाहून पुन्हा कप्पे करा. शून्यात १०३ आणि ४०७, एकमध्ये ३१८, दोनमध्ये १२१, ४२७, ३२८. गोळा केल्यावर : १०३, ४०७, ३१८, १२१, ४२७, ३२८. अजून पसारा दिसतो. शेवटी शतकाचा अंक पाहा : १०३, १२१, ३१८, ३२८, ४०७, ४२७. झाले. तीन वेळा केवळ वर्गवारी केली, एकदाही दोन संख्यांची तुलना केली नाही, आणि हाती आली ती क्रमवारी. कप्प्यातला क्रम मोडला तर काय होते हे मुलांना मुद्दाम चुकवून पाहू द्या. त्यातच सगळे मर्म आहे. शतकापासून सुरुवात केली तर काय होते, हेही त्यांना विचारावे.

शतकापासून सुरुवात केली, तर प्रत्येक कप्पा वेगळा ठेवून त्याचे पुन्हा कप्पे करावे लागतात. यंत्राजवळ बसलेल्या माणसाला ते त्रासाचे. टपालखात्याला मात्र तेच सोयीचे, कारण त्यांचा प्रत्येक कप्पा वेगळ्या गाडीने वेगळ्या गावी जायचा असतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे लागू झालेला सहा अंकी पिनकोड डावीकडून वाचायचा असतो तो यासाठी. ४ म्हणजे देशाचा एक विभाग, ४० ते ४४ यांत महाराष्ट्र आणि गोवा, तिसऱ्या अंकाने ठरतो तो ‘सॉर्टिंग’ जिल्हा, म्हणजे ४११ म्हटले की पुणे आणि ४०३ म्हटले की गोवा, आणि शेवटचे तीन अंक त्या त्या वाटप कचेरीचे. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतचे नामांकित पंडितही. रेल्वेच्या डब्यात कप्प्यांच्या भिंतीसमोर उभे राहून पत्रे टाकणाऱ्या माणसाला पुण्यात किती पेठा आहेत हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. पहिले दोन-तीन अंक त्याला पुरत.

वेलणकर संस्कृतचे पंडित होते हे सांगताना आणखी एका मांडणीची आठवण होते, जी आपण रोज वापरतो आणि जिचे कौतुक करायचे विसरतो. आपली वर्णमाला. इंग्रजी अक्षरांना नुसता क्रम आहे. ‘बी’नंतर ‘सी’ का येतो याला उच्चाराचे काही कारण नाही. क-ख-ग-घ-ङ यांचा मात्र एक वर्ग आहे, कारण ते कंठातून येतात. आणि पुढचे वर्ग टाळू, मूर्धा, दात, ओठ असे घशाकडून बाहेर येत जातात. प्रत्येक वर्गात पहिला अक्षरप्राण कमी, दुसरा जास्त, शेवटचा नाकातला. आडवी ओळ म्हणजे एक निकष, उभी ओळ म्हणजे दुसरा. वर्गवारी आणि क्रमवारी एकाच तक्त्यात. ‘वर्गीकरण’ या शब्दाचे उत्तम उदाहरण पहिलीच्या भिंतीवर टांगलेले असते आणि आपण ते शिकवायला सहावीची वाट पाहतो. (मराठीत ‘वर्ग’ म्हणजे शाळेतली खोलीही आणि संख्येला त्याच संख्येने गुणले की येतो तोही. तेव्हा शब्दांच्या गोंधळात आपणही फार मागे नाही.)

असाच दुसरा तक्ता रसायनशास्त्रातला. मेंडेलेव्ह यांनी १८६९ साली मूलद्रव्ये अणुभारांच्या चढत्या क्रमाने लावली आणि त्याच वेळी समान गुणधर्मांची मूलद्रव्ये एका गटात आणली. बहुतेक ठिकाणी दोन्ही निकष एकमेकांशी जुळले. टेल्युरियम आणि आयोडीनपाशी भांडण लागले. अणुभाराने आयोडीन आधी यायला हवे (आजच्या आकड्यांत १२६.९), टेल्युरियम नंतर (१२७.६). पण आयोडीनचे वागणे क्लोरीन-ब्रोमीनसारखे आणि टेल्युरियमचे गंधक-सेलेनियमसारखे. ‘सॉर्ट बाय’ एक सांगते, ‘सॉर्ट इन्टू’ दुसरे. मेंडेलेव्ह यांनी गटाचा कौल मानला आणि टेल्युरियम आधी ठेवले. टेल्युरियमचा अणुभार मोजण्यात काही चूक असावी असे त्यांनी धरले. चूक मोजण्यात नव्हती. मोसली यांच्या १९१३ सालच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनंतर कळले की खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा : टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. नववी-दहावीत हा भाग ‘मेंडेलेव्हच्या आवर्त सारणीतील त्रुटी’ म्हणून एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते ती त्रुटी नसून त्या तक्त्यातली सर्वांत शिकण्यासारखी जागा आहे.

निकष बदलला की कौतुकाची निंदा होते, याचे एक मजेदार उदाहरण भूशास्त्राचे. भूवैज्ञानिक ज्या वाळूला ‘वेल सॉर्टेड’ म्हणतो, ती सगळी जवळजवळ एकाच मापाच्या कणांची असते. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांत अशी वाळू सापडते. हीच वाळू बांधकामाच्या अभियंत्याला दाखवली तर तो तिला ‘पुअरली ग्रेडेड’ म्हणेल. त्याला लहानमोठे कण एकत्र हवेत, म्हणजे मोठ्यांच्या फटी लहानांनी भरतात आणि काँक्रीट घट्ट होते. एकाची ‘उत्तम’ ती दुसऱ्याची ‘वाईट’, आणि दोघेही बरोबर. पहिला विचारतो, हा गाळ कोणी आणून टाकला. दुसरा विचारतो, यावर इमारत उभी राहील का.

माझ्या स्वतःच्या कामाचे यंत्र ‘सेल सॉर्टर’ या नावाचे आहे. पेशी असलेल्या द्रवाची बारीक धार थेंबाथेंबांत फोडायची, हव्या त्या पेशीच्या थेंबाला विद्युत्भार द्यायचा आणि विद्युत्क्षेत्रातून जाताना तो बाजूला वळवायचा. मॅक फुलवायलर यांनी लॉस अलामॉस येथे १९६५ साली हे करून दाखवले. आजची यंत्रे सेकंदाला हजारो पेशी तपासतात. पाहुण्यांना वाटते, यंत्रच पेशी ओळखते. प्रत्यक्षात पडद्यावर ठिपक्यांचा ढग दिसतो आणि त्यातल्या कोणत्या भागाभोवती कुंपण घालायचे ते संशोधक ठरवतो. दोन संशोधकांची कुंपणे तंतोतंत सारखी येत नाहीत. यंत्र पाखडते; सूप किती तिरके धरायचे ते आपण ठरवतो.

हे सगळे सांगण्याचे कारण एक प्रश्नप्रकार आहे, जो आपल्या प्रश्नपत्रिकांतून हटायला तयार नाही : ‘गटात न बसणारा शब्द ओळखा.’ कावळा, चिमणी, पोपट, वटवाघूळ. अपेक्षित उत्तर वटवाघूळ, कारण ते सस्तन. माझ्या परिचयातल्या सहावीतल्या एका मुलीने ‘कावळा’ लिहिले. तिच्या आजोबांचे दहावे नुकतेच झाले होते आणि पिंडाला कावळाच शिवावा लागतो, चिमणी-पोपट चालत नाहीत, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. उत्तरापुढे लाल फुली आली, गुण शून्य. कारण विचारलेच नव्हते, त्यामुळे ते कागदावर कुठेच नव्हते.

तिचे उत्तर तर्कदृष्ट्या चूक होते का? सातोसी वातानाबे या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली एका ग्रंथात मांडलेले एक प्रमेय ‘कुरूप बदकाचे प्रमेय’ म्हणून ओळखले जाते. ते आपल्या चार नावांवर लावून पाहू. या चारांतून जितके म्हणून गट निवडता येतील तितके लिहा : एकही नाव नसलेला, एकेकाचे, दोघांचे, तिघांचे, चारही. एकूण १६ होतात. प्रत्येक गट म्हणजे ‘काहीतरी समान गुण असलेले’ असे समजा. आता कावळा आणि चिमणी दोन्ही असलेले गट मोजा : दोघेच, दोघे आणि पोपट, दोघे आणि वटवाघूळ, चारही. म्हणजे चार. कावळा आणि वटवाघूळ दोन्ही असलेले मोजा. तेही चारच. कोणतीही जोडी घ्या, चारच येतात. कोणता गुण महत्त्वाचा हे आधी ठरवले नाही, तर कावळा जितका चिमणीसारखा तितकाच वटवाघळासारखा. सारखेपणा वस्तूंत आयता पडलेला नसतो. काही गुणांना आपण जास्त वजन देतो तेव्हा तो दिसू लागतो.

म्हणून सगळे गट सारख्याच किमतीचे, असे मात्र नाही. पिंडाला शिवणारा तो कावळा, या निकषावरून कावळ्याबद्दल दुसरे काहीच नवे कळत नाही. कळते ते माणसांच्या रूढीबद्दल. वटवाघूळ सस्तन म्हटले की ते पाहण्यापूर्वीच सांगता येते : अंगावर केस असणार, पिलाला दूध पाजणार, मधल्या कानात तीन हाडे असणार. मेंडेलेव्ह यांच्या गटांनीही असेच केले. त्यांनी रिकाम्या ठेवलेल्या आणि ‘एका’ हा संस्कृत उपसर्ग लावून नावे दिलेल्या जागा गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) आणि जर्मेनियम (१८८६) यांनी भरल्या. गटाचा कस लागतो तो अशा न पाहिलेल्या गोष्टींवर. आणि तो कसही कालांतराने बदलू शकतो. लिनियस यांनी १७५८ साली वटवाघळांना माणूस आणि माकडांच्याच गणात बसवले होते. दातांची मांडणी आणि छातीवरची दोन स्तने हा त्यांचा निकष. आज डीएनएचा पुरावा सांगतो की वटवाघळे आपल्यापेक्षा घोडा, कुत्रा, गाय यांच्या जास्त जवळची. लिनियसच्या त्या उत्तरावर लाल फुली मारायची तर ती मारणारा निकष मिळायला दोन शतकांहून अधिक काळ जावा लागला.

प्रश्न बदलायला फारसे काही लागत नाही. ‘या चारांपैकी कोणतेही एक वेगळे काढा. कशावरून वेगळे काढले ते लिहा.’ एक गुण निकष बाकी तिघांना खरोखर लागू पडतो का यासाठी, एक गुण तो वेगळ्या काढलेल्याला लागू पडत नाही यासाठी. साठ मुलांच्या वर्गात असे पेपर तपासायला वेळ जास्त जातो, ही अडचण खरी आहे. तेव्हा परीक्षेत नको असेल तर तासाला तोंडी घ्यावा. मग फळ्यावर आलेल्या निकषांतून वर्गाला विचारावे, यांतला कोणता निकष लावला तर मैनेबद्दल न पाहता काही सांगता येईल? पोपट हिरवा म्हणून वेगळा काढणारा मुलगा आणि कावळा वेगळा काढणारी ती मुलगी, दोघांनाही या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.